आरशातली तक्तपोशी

झिलिसच्या चर्चमध्ये शिरणाऱ्याच्या हाती एक आरसा देतात. आरशाचा उद्देश अगदी व्यावहारिक आहे. पाहण्याची गोष्ट डोक्यावर आहे आणि ती नीट पाहायची तर अर्धा-पाऊण तास मान वर करून उभे राहावे लागेल. म्हणून आरसा पोटाशी आडवा धरायचा, खाली पाहायचे आणि सावकाश चालायचे. माझी आई त्या वेळी पंचाहत्तरीला टेकली होती आणि तिला मानेचा जुना त्रास होता, त्यामुळे ही सोय तिला फारच पसंत पडली. दोन-चार पावले चालून ती थबकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अगं, हे तर विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटतंय."

तिला ठाऊक नव्हते, पण ती अगदी नेमके बोलली होती. त्या तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, चारही कडांना खरोखरच पाणी रंगवलेले आहे.

सेंट मार्टिनचे हे चर्च स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतात, शाम्स नावाच्या खोऱ्यात आहे. बाहेरून ते एखाद्या सुस्थितीतल्या खेड्याचे साधे चर्च दिसते आणि आतल्या भिंतीही जवळजवळ कोऱ्याच आहेत. वर मात्र लाकडी फळ्यांचे १५३ चौरस बसवलेले आहेत, लांबीला १७ आणि रुंदीला ९. प्रत्येक चौरस सुमारे ९० सेंटिमीटरचा आहे आणि प्रत्येकावर चित्र आहे. ही चित्रे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहेत आणि त्या काळची इतकी अखंड रंगवलेली लाकडी तक्तपोशी युरोपात क्वचितच कुठे उरली असेल. एखाद्या राजधानीतल्या महामंदिरात ती असती तर आश्चर्य वाटले नसते, पण ती आहे या आडवाटेच्या गावात. अर्थात आज ती वाट आडवाट वाटते, पूर्वी ती तशी नव्हती. त्याकडे मी पुढे वळणारच आहे.

कडेच्या ४८ चौरसांत समुद्र आहे. तो लाटांच्या पट्ट्यांनी दाखवला आहे आणि त्यात चित्रविचित्र प्राणी पोहत आहेत. पुढचे धड कुणा चतुष्पादाचे, मागे मात्र वळसे घेतलेले माशाचे शेपूट, असे ते प्राणी आहेत. त्यांच्यातच मत्स्यकन्या वाद्ये वाजवत बसल्या आहेत. चार कोपऱ्यांत वाऱ्यांचे देवदूत आहेत. या समुद्राने वेढलेल्या आतल्या १०५ चौरसांत मुख्यतः ख्रिस्ताचे चरित्र येते. तीन राजे घोड्यांवरून येतात, मेरी बाळाला घेऊन गाढवावरून मिसरला जाते, लग्नघरच्या रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षरस होतो. चित्रकाराला अवकाशाची खोली वगैरे दाखवण्यात रस नव्हता. काळ्या ठळक रेषेत आकृती उभी करायची, गेरू, पांढरा आणि हिरवा असे मोजके रंग भरायचे आणि पुढच्या चौरसाकडे वळायचे, अशी त्याची रीत दिसते. ज्या प्रसंगाला एक चौरस पुरत नाही तो शेजारच्या चौरसात सरळ ओसंडतो. राजे एका चौकटीत असतात आणि ज्याच्याकडे ते निघाले आहेत तो दुसऱ्या चौकटीत.

मला सर्वांत विलक्षण वाटली ती या कथेची अखेर. ख्रिस्ताच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट चढवला जातो आणि कथा तिथेच थांबते. क्रूस नाही, कबर नाही, पुनरुत्थानही नाही. शेवटच्या ओळीतल्या सात चौरसांत, ज्याचे नाव चर्चला आहे त्या संत मार्टिनची गोष्ट सुरू होते. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने अर्धा कापून देणारा घोडेस्वार तो हाच. क्रूसाचे दृश्य वेदीजवळच्या भागात असावे आणि तो भाग पुढे नव्याने बांधताना ते गेले असावे, असा तर्क करता येतो. परंतु आज आरसा घेऊन चालणाऱ्यापुरते बोलायचे तर वधस्तंभाच्या जागी झगा वाटून घेण्याचा प्रसंग येतो, आणि या गावाच्या भूगोलाला तो जास्त साजतो असे माझे आपले मत आहे. चौरसांच्या १५३ या आकड्याचेही पुष्कळ गूढ सांगितले जाते, कारण योहानाच्या शुभवर्तमानात जाळ्यात सापडलेल्या माशांची संख्या नेमकी १५३ आहे. समुद्राची किनार पाहता तो योगायोग मोहक वाटतो खरा, तरी सतरा नव्वे त्रेपन्नाशे होतात हेही सुताराला पुरेसे कारण असू शकते.

आता भूगोल. झिलिसच्या खालच्या अंगाला ऱ्हाइन नदीच्या एका शाखेने खडक कापून केलेली अरुंद घळ आहे. तिची खोली काही ठिकाणी सुमारे ३०० मीटर भरते. तिचे नाव विया माला, म्हणजे सरळसरळ 'वाईट वाट'. वरच्या अंगाला स्प्ल्यूगेन आणि सान बेर्नार्दिनो या खिंडी आहेत आणि त्या ओलांडल्या की इटालियन भाषेचा मुलूख लागतो. उत्तरेकडून आलेला व्यापारी, यात्रेकरू किंवा सैनिक वाईट वाटेतून जिवंत बाहेर पडला की त्याला पहिले मोठे चर्च लागे ते झिलिसचे, आणि पुढची खिंड अजून बाकी असे. दक्षिणेकडून येणाऱ्याची खिंड ओलांडून झालेली असे आणि घळ बाकी असे. दोघांनाही थांबण्याचे कारण होते. घाट सुरू होण्यापूर्वी गाडी थांबवून नारळ वाढवणाऱ्या आपल्या चालकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या प्रदेशात मी गेली काही वर्षे सवड मिळेल तशी हिंडते आहे. झुरिकहून सकाळी निघाले की कूर गाठायचे, तिथून ऱ्हेटियन रेल्वेची तांबडी गाडी आणि पुढे पिवळी पोस्टबस. ग्राउब्युंडन हा दीडशे खोऱ्यांचा मुलूख म्हणून ओळखला जातो. जर्मन, रोमान्श आणि इटालियन या तिन्ही तिथल्या राजभाषा आहेत, त्यामुळे एकाच प्रवासात स्थानकांवरच्या पाट्यांची भाषा दोनदा बदलते. सुरुवातीला मीही सगळे जण पाहतात ते पाहिले. डिझेंटिसच्या मठाचे दोन मनोऱ्यांचे भव्य बरोक चर्च पाहिले, त्याच्या सोनेरी वेद्यांची छायाचित्रे काढली आणि ती पुन्हा कधी उघडूनही पाहिली नाहीत. हळूहळू लक्षात आले की मला ओढ आहे ती लहान वास्तूंची, आणि त्यांच्यातही वास्तूपेक्षा तिच्या जागेची. हे इथेच का बांधले, हा प्रश्न विचारला की या डोंगरांत बहुतेक वेळा उत्तर मिळते आणि ते उत्तर बरोक, गॉथिक या शैलींच्या नावांपेक्षा बरेच बोलके असते.

मोठ्या चर्चला आणि लहान प्रार्थनास्थळाला वेगवेगळी नावे असण्याची सोय गोव्याच्या बोलीत आहे. तिथे गावाची ती इगर्ज आणि वाड्यावरचे किंवा टेकडीवरचे ते कपेल. प्रमाण मराठीत आपण सगळ्यालाच चर्च म्हणून मोकळे होतो. या लेखापुरता मी कपेल हा शब्द उसना घेते.

उत्तरे कशी मिळतात त्याचा एक नमुना म्हणजे रस्त्याकडच्या भिंतीवर काढलेला संत क्रिस्टोफर. खांद्यावर बालख्रिस्ताला बसवून नदी पार करणारा हा राक्षसी अंगाचा माणूस आल्प्समधल्या कित्येक चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर दिसतो, कधी कधी तर जोत्यापासून छपरापर्यंत. इतका मोठा का, तर तो लांबूनही दिसावा म्हणून. ज्या दिवशी त्याचे दर्शन घडेल त्या दिवशी मरणापूर्वीच्या धर्मविधींविना अकस्मात मरण येणार नाही अशी श्रद्धा होती. घाईत असलेल्या खेचरवाल्याने आत येऊन गुडघे टेकावेत अशी अपेक्षाच नव्हती. त्याने वाटेवरून एक नजर टाकली तरी भागत असे.

जुन्या चित्रांपैकी पुष्कळशी आपल्यापर्यंत आली ती अशा लोकांमुळे, ज्यांना ती नको होती. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची लाट आली तेव्हा ग्राउब्युंडनमध्ये एका राजाने किंवा बिशपने सर्वांसाठी निर्णय घेतला नाही. तिथल्या ग्रामसभांनी आपापले ठरवले. त्यामुळे आजही एका खोऱ्यात एक गाव कॅथलिक आणि शेजारचे प्रोटेस्टंट असे आढळते. जिथे नवा पंथ स्वीकारला तिथे भिंतींवरच्या संतांवर चुना चढला. सुरसेल्वा खोऱ्यातले वाल्टेन्सबुर्ग हे असेच गाव. चौदाव्या शतकातल्या एका निनावी चित्रकाराने तिथल्या चर्चच्या भिंतीवर ख्रिस्ताच्या यातनांचे प्रसंग रंगवले होते. ते चुन्याखाली गेले आणि विसाव्या शतकात चुना खरवडल्यावर बाहेर आले. चित्रकाराचे नाव कुणालाच ठाऊक नसल्याने त्याला गावाचेच नाव मिळाले आणि कलेच्या इतिहासात तो 'वाल्टेन्सबुर्गचा उस्ताद' झाला. आसपासच्या कॅथलिक गावांनी त्याच काळातली आपली जुनी चित्रे नव्या रुचीप्रमाणे बदलली, पुन्हा रंगवली, भिंती पाडून मोठ्या केल्या. पुसून टाकणाऱ्यांच्या हातून चित्रे टिकली आणि सजवणाऱ्यांच्या हातून बरीच गेली. झिलिस गावही प्रोटेस्टंट झाले, पण तक्तपोशीला कुणी हात लावला नाही. तिथे धर्मतत्त्वापेक्षा, इतक्या उंचावर परात घेऊन १५३ फळ्यांना चुना कोण लावणार, हा कंटाळा अधिक उपयोगी पडला असावा अशी मला शंका आहे.

म्युस्टायरची कथा याहून गुंतागुंतीची आहे. हे गाव देशाच्या अगदी पूर्व टोकाला आहे. त्सेर्नेझहून निघालेली बस २,१४९ मीटर उंचीची ओफेन खिंड चढून पलीकडे उतरते आणि इटलीची सरहद्द हाकेच्या अंतरावर येते तेव्हा संत योहानाचा मठ दिसतो. म्युस्टायर हे नावच मुळी 'मोनास्टेरियम' या लॅटिन शब्दाचे झिजलेले रूप आहे. म्हणजे मठाला गावाचे नाव मिळालेले नाही, गावालाच मठाचे मिळाले आहे. आख्यायिका अशी की सम्राट शार्लमेन इटलीहून परतताना उम्ब्राइल खिंडीत बर्फाच्या वादळात सापडला आणि जीव वाचला म्हणून त्याने हा मठ स्थापला. आख्यायिका म्हणून ती बाजूला सारता आली असती, परंतु मठाच्या लाकडांतली वर्षवलये मोजली तेव्हा झाडे तोडल्याचे साल निघाले ते ७७५ च्या सुमाराचे, आणि शार्लमेनने इटलीतले लोंबार्डांचे राज्य जिंकले ते ७७४ मध्ये. लाकडाने सम्राटाची बाजू निम्मी तरी उचलून धरली. वादळाची साक्ष काढायला मात्र कुणी उरलेले नाही.

या चर्चच्या भिंतींवर इसवी सन ८०० च्या सुमाराची चित्रे आहेत. त्यांच्यावर १२०० च्या सुमारास दुसरा थर चढला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस आत दगडी कमानींचे छत घातले गेले आणि भिंतींचा वरचा भाग त्या छताच्या वर, माळ्याच्या अंधारात अडकला. पुढे खालच्या चित्रांवरही रंग आणि चुन्याचे हात चढत गेले. १८९४ मध्ये दोन संशोधक माळ्यावर चढले तेव्हा त्यांना तिथे हजार वर्षांपूर्वीच्या आकृती दिसल्या. छताच्या वर अडकलेली ती चित्रे नंतर भिंतीवरून काढून झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेण्यात आली आणि खालच्या भिंती १९४७ ते १९५१ या काळात मोकळ्या करण्यात आल्या. १९८३ मध्ये मठ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

संग्रहालयातले ते तुकडे मी म्युस्टायरला जाण्यापूर्वी पाहिले होते. ते दावीद राजाच्या कथेतले आहेत. उत्तम प्रकाशात, हाताच्या अंतरावर, शेजारी माहितीची पाटी. तेव्हा ते मला फिकट आणि निर्जीव वाटले होते. म्युस्टायरमध्ये उलट, पश्चिमेच्या भिंतीवरचा अंतिम न्यायाचा प्रसंग पाहताना अर्ध्या गोष्टी दिसतच नव्हत्या. तांबूस-करड्या रंगाच्या ढगात कुठे एक चेहरा लागे, कुठे गुंडाळत नेलेले आकाश. पूर्वेच्या गाभाऱ्यात दोन थर एकमेकांशेजारी उघडे ठेवले आहेत, त्यामुळे चारशे वर्षांचे अंतर बोटभर जाडीच्या गिलाव्यात दिसते. खालच्या थरातल्या आकृती मोठ्या डोळ्यांनी समोर पाहतात. वरच्या थरात हेरोदाच्या मेजवानीत सलोमे कसरत केल्यासारखी वाकून नाचते आहे आणि पंगत जेवते आहे. मी तिथे असताना शेजारच्या दारातून बेनेडिक्टाइन संन्यासिनी प्रार्थनेसाठी आल्या. मठ आजही चालू आहे, पूर्वी तिथे पुरुष होते, बाराव्या शतकापासून स्त्रिया आहेत. एकीने जाता जाता जमिनीवर पडलेले कुणाचे तरी बसचे तिकीट उचलून बाहीत घातले आणि ती आपल्या जागी जाऊन उभी राहिली. संग्रहालयातल्या तुकड्यांना नेमके काय कमी पडत होते ते मला तेव्हा कळले.

वादळातून वाचलेल्याने बांधलेल्या मठानंतर, बर्फाच्या तोंडावरच उभ्या असलेल्या एका चर्चबद्दल लिहिले पाहिजे. दाव्होस आपल्याकडे परिषदेमुळे सर्वांना माहीत आहे. तिथून थोडे खाली फ्राउएनकिर्श नावाचे गाव आहे. तिथले पांढरे चर्च रस्त्यावरून पाहिले तर चारचौघांसारखे दिसते. मागे जाऊन पाहिले की कळते, डोंगराकडची भिंत सपाट नाहीच. ती नांगराच्या फाळासारखी टोकदार बांधली आहे आणि छपरही त्या टोकापर्यंत उतरत नेले आहे. उतारावरून हिमलोट आला की त्याचे या टोकावर दोन भाग व्हावेत आणि बर्फ दोन्ही अंगांनी निघून जावा, यासाठी ही रचना. गोठे आणि घरे यांच्यामागेही अशी पाचर बांधण्याची रीत आल्प्समध्ये आहे, पण देवाच्या घराला ती पाहून मी काही क्षण हसले. प्रार्थना आत चालू राहू दे, भिंत मात्र हिशेबाने बांधा, असे कुणीतरी मिस्त्रीला बजावल्यासारखे वाटले.

सगळीकडे असा फाळ नव्हता. सुरसेल्वा खोऱ्यात सुम्वित्ग गावाच्या वरच्या वस्तीत संत बेनेडिक्टचे एक बरोक कपेल होते. रोमान्शमध्ये सोन्य बेनेदेत्ग. १९८४ च्या हिमस्खलनात ते वाहून गेले. त्याच्या भिंतींचे अवशेष उतारावर अजून आहेत. गावापुढे प्रश्न आला की जुने होते तसेच पुन्हा उभारायचे की नवे काही करायचे. डिझेंटिसच्या मठातले साधू आणि गावचे धर्मगुरू नव्याच्या बाजूने होते. काम पेटर झुमथोर यांच्याकडे गेले. आज त्यांच्या नावावर वास्तुकलेतले २००९ चे प्रित्झ्कर पारितोषिक आहे, पण तेव्हा ते कूरजवळच्या खेड्यात लहानसे कार्यालय चालवणारे, मुळात सुतारकाम शिकलेले वास्तुरचनाकार होते. त्यांचा आराखडा पाहून गावच्या अधिकाऱ्यांनी बांधकामाची परवानगी दिली आणि सोबत शेरा मारला, 'सेंझा पेर्श्वाझियुन'. खात्री न पटता. सरकारी कागदावरचा इतका प्रामाणिक शेरा मी दुसरा पाहिलेला नाही. विरोध नाही, होकारही नाही, फक्त खात्री नाही एवढेच नोंदवून त्यांनी सही केली.

१९८८ मध्ये कपेल पुरे झाले. जागा बदलली होती. नवी जागा जुन्या वाटेवरच, पण जरा वर, रानाच्या आडोशाला आहे.

मी तिथे ऑक्टोबरमध्ये एकटी गेले. स्टेशनवरून तासाभराची खडी चढण आहे आणि मी वेळापत्रक चुकीचे वाचल्यामुळे मधली बस चुकली होती, तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. खालून पाहिले तर प्रथम ती धान्याची कणगी वाटते. चौकोनी नाही, गोलही नाही. एका बाजूला फुगीर आणि दुसरीकडे निमुळती होत जाणारी, पानाच्या किंवा थेंबाच्या आकाराची. निमुळते टोक उताराच्या वरच्या दिशेला येते. बाहेरून सगळीकडे लार्च लाकडाच्या लहान लहान पट्ट्यांची कौले जडवलेली आहेत, आसपासच्या जुन्या घरांना असतात तशीच. दक्षिणेकडची उन्हाने भाजून काळपट तपकिरी झाली आहेत, उत्तरेकडची रुपेरी करडी. एकाच दिवशी ठोकलेल्या, एकाच झाडाच्या पट्ट्यांत जवळजवळ चाळीस वर्षांत एवढा फरक पडला. मी भिंतीभोवती हात फिरवत चालले तेव्हा काळी कौले गरम लागत होती आणि वळणापलीकडची गार व ओलसर. शेजारी शिडीसारखा उभा, सडपातळ लाकडी घंटामनोरा आहे.

आत भिंतीला कुठेही कोपरा नाही. भिंतीपासून थोडे सुटे ठेवून ३७ लाकडी खांब ओळीने उभे आहेत आणि त्यांच्यावर छपराचे वासे टेकले आहेत. मधले आढे आणि दोन्हीकडे फुटणारे वासे पाहून होडी उलटी घातल्याचा भास होतो. क्षणभर मला झिलिसच्या किनारीतला समुद्र आठवला. खांबांमागची भिंत चंदेरी रंगाची आहे, त्यामुळे ती जवळ आहे की लांब हे चटकन कळत नाही. खिडक्या फक्त वर, छपराच्या खाली, सभोवार. बाहेरचा डोंगर दिसत नाही, हिरवळ दिसत नाही, इतक्या वर येऊन पाहण्यासारखे जे जे आहे त्यातले काही दिसत नाही. उजेड तेवढा वरून खाली उतरतो.

मी बाकावर बसले. उठून वेदीपर्यंत चालत गेले तेव्हा पायाखालची फळी किंचित दबली आणि बोलली. जमीन भिंतीला जोडलेली नाही, ती तुळयांवर हलकी तरंगती ठेवलेली आहे आणि मधोमध तिला थोडी उंची आहे. पुढचे पाऊल टाकले तशी ती दुसऱ्या सुरात बोलली. मी परत फिरले, जड पिशवी बाकावर ठेवली आणि बूट काढून पुन्हा चालून पाहिले. आवाज कमी झाला, दबणे तेवढेच राहिले.

थोड्या वेळाने दार उघडून एक वृद्ध गृहस्थ आत आले. माझ्या मोज्यांकडे पाहून त्यांनी काही विचारले नाही. त्यांनी वेदीवरच्या फुलांतली सुकलेली काढली, खिशातून कात्री काढून उरलेल्यांचे देठ कापले, हंडीतले पाणी बदलायला बाहेर नेले. त्यांच्या पावलांखाली फळ्या कमी बोलत होत्या. कुठे पाऊल टाकायचे ते त्यांना ठाऊक असावे. निघताना मी जर्मनमध्ये विचारले की हे नवे कपेल गावाला आता आवडते का. ते जरा विचार करून म्हणाले की छपरातून पाणी गळत नाही. मग दिवा लावायचा राहिला म्हणून ते पुन्हा आत गेले, आणि मी पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधल्या.